लेकीकडचं पाणी

किल्ला बघायला जायचं ठरलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तिथे मोबाइलला सिग्नल असतो का? वरदा म्हणाली, "बाबा, इट्स अ रोमन फोर्ट." म्हणजे असा प्रश्न विचारणारा मीच खुळा.

मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. चौतीस वर्षं इथल्या, इंग्लंडमधल्या, हॉस्पिटलांत लोकांना झोपवलं आणि गेली दोन वर्षं मलाच धड झोप नाही. माझ्या बायकोच्या, सुप्रभाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिस. पाणी दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोट आला. ते मोजायचं काम माझ्याकडे आहे. तिच्या बाटलीवर मी मार्करनं रेघा मारून दिल्या आहेत आणि त्या रेघांवरून आमची दिवसातून दोनदा तरी भांडणं होतात.

ट्रान्सप्लांटच्या यादीत तिचं नाव आहे. यादीतल्या माणसाचा फोन चोवीस तास लागला पाहिजे. किडनी मिळाली की फोन येणार आणि फोन आला की काही तासांत हॉस्पिटलात हजर व्हायचं. दोन वर्षांत तो फोन एकदाही आलेला नाही. आपल्या लोकांशी जुळणारे दाते इथे थोडे. आपली माणसं देवळाला सोनं देतील, पण मेल्यावर आपल्या आतलं काही द्यायचं म्हटलं की विषय बदलतात. मी स्वतः नाव नोंदवलं ते सुप्रभा यादीत आल्यावर, तेव्हा मी कुणाला बोलू नये हेच बरं.

खरी गोष्ट अशी की त्या फोनची वाट बघायची गरजच नव्हती. मला मधुमेह, त्यामुळे माझी किडनी चालत नाही. पण वरदाची जुळत होती. आमची ही एकुलती एक मुलगी, तेहतीस वर्षांची, इथेच जन्मलेली, स्लाऊला राहते. सहा महिने तिनं आईला न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि मग एका रविवारी कागद टेबलावर ठेवला. पोरीचं रक्त, पेशी, सगळं जमलं होतं. सुप्रभानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "लेकीकडून घ्यायचं नसतं." त्याला आता तीन आठवडे झाले होते. हॉस्पिटलनं तारीख धरून ठेवली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आज शनिवार होता.

हे "लेकीकडून घ्यायचं नसतं" काय आहे ते सांगायला हवं. सुप्रभा साताऱ्याची. तिच्या माहेरी नियम असा की लग्न झालेल्या मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. तिच्या वडिलांनी तो पाळला होता. आता ते ठीक; त्या काळी मुलीचं सासर चार कोसांवर. पण वरदानं स्वानंदशी लग्न करून स्लाऊला घर घेतलं तेव्हा आमच्या मेडनहेडच्या घरापासून ते वीस मिनिटांवर होतं, आणि बाईसाहेबांनी नियम तिथेही लावला. दोन वर्षं आम्ही लेकीकडे पाण्याची बाटली घेऊन जात होतो. भूक लागली की काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचं आणि ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, कडेला गाडी लावून पोळीभाजी खायची. आणि मी, शिकलासवरलेला माणूस, मुकाट्यानं शेजारी बसून खायचो. सिया झाली त्या दिवशी सुप्रभानं वरदाच्या हॉस्पिटलच्या ट्रेमधला गार टोस्ट उचलून खाल्ला आणि म्हणाली, "सुटले बाई." वरदा त्या वेळी हसली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

तर सियाला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या नातीला, शाळेत रोमन लोकांवर प्रोजेक्ट होतं. स्वानंद ऑफिसच्या कामानं मँचेस्टरला गेलेला. वरदा म्हणाली, आई घरात बसून बसून कंटाळली आहे, डायलिसिसचा दिवस नाही, आपण सगळे जाऊ. सुप्रभा माझ्याआधी तयार झाली. मेडनहेडहून अडीच-पावणेतीन तास, हिअरफर्डच्या पुढे, वेल्सच्या अगदी सरहद्दीला. रस्त्यात मी सहा वेळा फोन पाहिला. शेवटच्या डोंगराला वळसा घातला आणि सिग्नलच्या रेघा एकेक करून गेल्या.

"गेला," मी म्हणालो.

"कोण?" सुप्रभानं विचारलं.

"सिग्नल."

"मला वाटलं, मीच."

आपल्याकडच्या माणसाला किल्ला म्हटलं की आधी चढ लागतो, मग दम लागतो, मग वर गेल्यावर वारा. इथे सपाट कुरण होतं. भोवती खंदक, मातीचा तट आणि मध्ये लाकडी दरवाजा, त्यावर टेहळणीचा मनोरा. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्य इथे येऊन थांबलं आणि तटाबाहेर व्यापारी बसले: लोकर, मीठ, भांडी, कातडी. मूळचं सगळं कुजून गेलं, आणि गावातल्या हौशी लोकांनी त्याच जागी तसंच्या तसं पुन्हा बांधलं. सुप्रभानं तटावरून हात फिरवला. "म्हणजे हे आपल्या घराच्या एक्स्टेन्शनपेक्षा नवं आहे," ती म्हणाली, आणि तरी तिचा चेहरा खुलला होता. बऱ्याच दिवसांनी मी तिला हॉस्पिटल आणि स्वयंपाकघर सोडून कुठेतरी उभी असलेली पाहत होतो.

मला मात्र उभं राहवत नव्हतं. दारावरच्या स्वयंसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, सिग्नल हवा असेल तर मनोऱ्यावर जा, तिथे एखादी रेघ मिळते. मी लगेच निघालो. सव्वीस पायऱ्या, त्याही शिडीसारख्या. वर एक रेघ आली, गेली, आली. निरोप काही नव्हता. मी पाच मिनिटं फोन डोक्यावर धरून उभा राहिलो. शेजारी एक लहान मुलगी लाकडी भाला धरून उभी होती. तिला बहुतेक मीही तिथल्या देखाव्यातलाच वाटलो असेन.

खाली आलो तर बाजारात सुप्रभाचा दरबार भरला होता.

दरवाज्याबाहेर गवती छपरांच्या चारपाच झोपड्या होत्या आणि त्यांत जुन्या वेषातली माणसं माल मांडून बसली होती. इथे पैसे चालत नाहीत, असं त्यांच्या वेबसाइटवरच लिहिलं होतं. घरातली नको असलेली एखादी वस्तू आणा आणि बदल्यात काही न्या. मुलांसाठीचा खेळ तो. सियानं एक प्लास्टिकचा डायनासोर आणला होता. सुप्रभानं मात्र सूचना मनावर घेऊन पिशवी भरून आणली होती. झोपडीत बसलेल्या बाईचं नाव जीन. अंगावर घोंगडीसारखी जाड शाल, पायात मात्र ट्रेनर्स. तिच्यापुढे लाकडी वाट्या, मण्यांच्या माळा आणि मातीचे दिवे होते. तो दिवा म्हणजे चोच काढलेली आपली पणतीच. सियाला तो वर्गात न्यायला हवा होता.

"डायनासोर्स वेअर नॉट अराउंड, आय ॲम अफ्रेड," जीन गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

"सिया, इकडे ये," सुप्रभा म्हणाली. "तुला बोहारीण माहीत आहे?"

"व्हॉट्स बोहारीण?"

"लेडी हू कम्स टू द हाउस," वरदानं सांगितलं. "टेक्स ओल्ड क्लोद्स, गिव्ह्ज यू पॉट्स. आजी वॉज द चॅम्पियन."

ते खोटं नव्हतं. साताऱ्याला आमचं लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तर ती जिन्यात बसून बोहारणीशी एका पातेल्यावरून वाद घालत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. पातेलं मिळालं, मगच आत आली. ते पातेलं अजून मेडनहेडला आहे.

"पिशवी एकदम उघडायची नाही," सुप्रभा नातीला शिकवत होती. "एकेक काढायचं. चांगलं सगळ्यांत खाली ठेवायचं. आणि आपल्याला काय हवंय तिकडे बघायचंसुद्धा नाही." मग तिनं पिशवीतून एक जुनी ओढणी काढली. जीननं नकारार्थी मान हलवली. एक वेताची छोटी टोपली काढली. जीननं ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, याच्यावर मण्यांची माळ देईन. शेवटी स्टीलचा, कडीचं झाकण असलेला डबा आला. जीनचे डोळे चमकले ते मलाही दिसलं. रोमन बाईला स्टीलचा डबा कशाला, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही.

"द लॅम्प," जीन म्हणाली. "बट दॅट्स ऑल."

"लॅम्प अँड टू बोल्स."

"वन बोल."

सुप्रभानं डबा पिशवीत टाकला. "राहू दे मग," ती मराठीतच म्हणाली आणि सियाचा हात धरून चालायला लागली. सिया रडकुंडीला आली. "आजी, शी डिडन्ट... तिने नाही बोलावला तर?"

"चालत राहायचं. मागे बघायचं नाही. हाक येतेच."

"पण नाही आला तर?"

"नाही आली तर आपणच परत यायचं. याचा अर्थ त्या वस्तूची गरज आपल्याला जास्त आहे. त्यात लाज नाही, पण मग ती म्हणेल ते द्यायचं."

दहा पावलांवर हाक आली. दिवा आणि दोन वाट्या घेऊन सिया उड्या मारत परत आली. आजूबाजूच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. सुप्रभा हसत होती. कपाळावर घाम, ओठ कोरडे. तिनं रेघांची बाटली काढली, दुसऱ्या रेघेपर्यंत प्यायली आणि माझ्याकडे बघून बाटली बंद केली. वरदानं आपली बाटली पुढे केली होती. "नको, माझं मोजलेलं आहे," सुप्रभा म्हणाली. वरदानं हात मागे घेतला.

मी पुन्हा मनोऱ्यावर गेलो. का, ते विचारू नका. माणसाचं डोकं एकदा त्या रेघांवर अडकलं की पाय आपोआप चालतात. वर पोचलो आणि फोन थरथरला. एक मिस्ड कॉल. अकरा चाळीस. नंबर लपवलेला.

हॉस्पिटलांचे फोन असेच येतात, नंबर न दाखवता. मी स्वतः शेकडो वेळा असे फोन केले आहेत. पंचवीस मिनिटं झाली होती. एक किडनी बर्फात ठेवली आहे आणि कुणीतरी आमच्या नावापुढे "नो आन्सर" लिहून पुढच्या नावाकडे गेलं आहे, एवढंच मला दिसायला लागलं. मी ट्रान्सप्लांटच्या नर्सचा नंबर लावला. लागला, कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट झाला. कठड्यावर वाकून हात बाहेर काढला तेव्हा लागला.

"नो, डॉक्टर," ती मुलगी शांतपणे म्हणाली, "इट वॉझन्ट अस. नथिंग टुडे."

मी पायरीवर बसलो. मग कुणाचा फोन होता? गाडीच्या विम्याचा असेल, नाहीतर छपरावर सोलर पॅनेल बसवा म्हणणाऱ्या कुणाचा. सुटकेचा श्वास सोडायचा की रडायचं, ते कळेना, आणि त्या न कळण्यातून राग आला. असा राग मला ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षांत दोनदा आला असेल.

खाली सुप्रभा आणि वरदा लाकडी बाकावर बसल्या होत्या. सिया जीनच्या झोपडीत लोकर पिंजायला बसली होती. मी सरळ समोर जाऊन उभा राहिलो.

"आता वर मला वाटलं, तुझा फोन आला आणि चुकला," मी म्हणालो. "नव्हता. कुणा भलत्याचाच होता. पण त्या पाच मिनिटांत माझं काय झालं ते तुला सांगतो. मी मनातल्या मनात तुझे अंत्यसंस्कार केले. असा मी रोज जगतो, सुप्रभा. ज्या फोनचा पत्ता नाही त्याची मी वाट बघतो, आणि जी किडनी तुझ्या शेजारी बाकावर बसली आहे ती तुला नको. कशासाठी? साताऱ्याच्या कुठल्या नियमासाठी?"

"हळू बोला, अहो."

"नाही बोलणार."

"नियम नाही तो," सुप्रभा म्हणाली. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "नियम सांगितला की कुणी पुढे विचारत नाही, म्हणून सांगते. तुम्ही चौतीस वर्षं त्या टेबलामागे उभे होता. मला खरं सांगा. देणाऱ्याला टेबलावर कधीच काही होत नाही?"

मला खोटं बोलता आलं असतं. पेशंटच्या नातेवाइकांशी आम्ही किती गोड बोलतो. पण ती माझ्याकडे बघत होती.

"होतं," मी म्हणालो. "तीन हजारांत एखाद्याला."

"ती एक माझी असली तर? मी एकसष्ट वर्षांची आहे. माझं सगळं बघून झालंय. आणि तिला एक पोर आहे त्या झोपडीत."

आकडे सांगणं माझं काम होतं, ते झालं.

वरदाचं मराठी आमच्या घरात वाढलेलं आणि इथल्या शाळेत निम्मं सांडलेलं; राग आला की उरलेलंही अडखळतं. पण त्या दिवशी ती मराठीतच बोलली.

"आई, माझा लग्न झाला तेव्हा मी सहा ग्लास आणले होते. तुझ्यासाठी. निळे. तू आलीस आणि बॅगेतून बाटली काढलीस. मी विचारलं, तू म्हणालीस, नंतर. दोन वर्षं ते ग्लास बॉक्समध्ये होते. मला वाटायचं माझा घर घाण आहे. स्वानंद म्हणायचा, इट्स जस्ट अ कस्टम. आय न्यू दॅट. तरी वाटायचं."

"वेडी आहेस का," सुप्रभा म्हणाली.

"आता दोन वर्षं पुन्हा बाटली. आय नो, मेडिकल आहे. पण तू माझ्याकडे येतेस आणि पुन्हा तुझी बाटली, तुझा डबा. तुला काही फ्री घ्यायचं नाही ना? फाइन. मग ट्रेड करू. इथे सगळे तेच करतात. मी किडनी देते. तू मला बदल्यात दे."

"तुला काय देऊ? जे आहे ते तुझंच आहे."

"ते नको. जे द्यायला तुला कठीण जाईल ते पाहिजे." वरदानं बोटं मोजली. "ऑपरेशननंतर सहा आठवडे. तू आणि बाबा, माझ्या घरी. बॅग घेऊन. डबा नाही. जे शिजेल ते खायचं."

"आणि शिजवणार कोण? तू पण तेव्हा पोट शिवून आडवी पडलेली असशील."

"स्वानंद."

सुप्रभानं माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या घरचं पाणी एक वेळ ठीक, पण जावई ओट्यापाशी उभा आणि सासू अंथरुणात जेवणार, हे साताऱ्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"जावयाच्या हातचं? दीड महिना? तो अंडं उकडतो तेही फुटतं."

"ते खायचं. फुटलेलं. ती प्राइस आहे."

"आणि ती बाई येईल ना प्रश्न विचारायला, किडनीच्या बदल्यात काही घेतलं-दिलं का म्हणून, तिला काय सांगशील?" हे खरं होतं. इथे कायदाच आहे. दाता आणि घेणारा, दोघांना बसवून कुणीतरी विचारतं.

"सांगेन, अंडं दिलं."

मला हसू आलं, पण सुप्रभा हसली नाही. ती उठली. पिशवी खांद्याला लावली. "राहू दे मग," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. दरवाजा शंभरेक पावलांवर होता. डायलिसिसमुळे ती हळू चालते, डावा हात जरा जपून धरते, कारण सुया त्याच हाताला टोचतात. आता ही तीच बोहारणीची चाल होती की ती खरंच निघाली होती? सदतीस वर्षं संसार करून मला ते ओळखता येईना. वीस पावलं झाली. चाळीस झाली. ती मागे बघत नव्हती. आता हाक मारली नाही तर ही बाई गाडीपर्यंत जाईल, गाडीत बसेल, सोमवारी नाही म्हणून कळवेल, आणि मी पुन्हा फोन डोक्यावर धरून उभा राहीन. मी तोंड उघडलं.

वरदानं माझं मनगट धरलं. "बाबा, नाही बोलवायचं."

"अगं, ती जाईल."

"बोलवलं तर ती जिंकेल."

ती आईकडे बघत नव्हती, समोरच्या गवताकडे बघत होती. झोपडीतून जीननं मान बाहेर काढली आणि विचारलं, इज शी ऑल राइट, लव्ह? मी तिला नुसता हात केला.

सुप्रभा दरवाज्यापाशी पोचली. तिथे मनोऱ्याखाली माहितीचा एक फलक होता. ती त्याच्यासमोर थांबली आणि वाचू लागली. धान्याचं कोठार किती फूट लांब होतं, असलं काहीतरी त्यावर होतं. येताना मीही पाहिलं होतं, चार ओळी होत्या फार तर. ती त्या चार ओळी वाचत राहिली. एक कुटुंब तिच्या बाजूनं आत आलं, त्यांनी फलक वाचला आणि पुढे गेले. ती अजून वाचतच होती. पाठ आमच्याकडे, डोकं जरा खाली. मला वाटलं आता तिचे खांदे हलतायत, पण लांबून नक्की सांगता येत नव्हतं.

मग ती वळली.

येताना जास्त वेळ लागला. शंभर पावलं परत चालून येईपर्यंत ती दमली होती. डोळे पुसलेले होते, चेहरा मात्र पातेल्यावर भांडणाऱ्या बाईचा होता. बाकाशी येऊन ती उभी राहिली.

"सहा नाही. चार आठवडे."

"सहा," वरदा म्हणाली.

"टोमॅटोचं सार मी करणार. दोन वर्षं टोमॅटो तोंडात नाही माझ्या. नवीन किडनी मिळाली की चालतो, बाबा म्हणालेत. स्वानंदनं त्याला हात लावायचा नाही."

"पाचव्या आठवड्यात. आधी नाही."

"बरं," सुप्रभा म्हणाली. मग, पिशवीकडे बघत, "आणि टेबलावर नीट राहायचं. तेवढं कबूल कर."

वरदानं होकारार्थी मान हलवली.

सुप्रभा आमच्या दोघांच्या मध्ये बसली. श्वास लागला होता. मी सवयीनं पिशवीतून तिची रेघांची बाटली काढून पुढे केली. तिनं ती बाजूला सारली.

"वरदा, तुझ्याकडचं पाणी दे," ती म्हणाली.

वरदानं बाटलीचं झाकण काढून दिलं. सुप्रभानं बाटली तोंडाला लावली आणि प्यायली. किती प्यायली, ते मी मोजलं नाही.